प्राथमिक शाळेतील समुपदेशक

'समुपदेशक' या शब्दात 'उपदेश' दडलेला असल्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. उपदेश करणारे मुलाला पावलोपावली भेटतात. ऐकून घेणारा क्वचितच भेटतो. समुपदेशकाचे पहिले काम ऐकण्याचे आहे.

या कामाचा उगम कष्टकऱ्यांच्या वस्तीत आहे. १९०८ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी, परदेशांतून आलेल्या गरिबांच्या वस्तीत, फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना धंदा निवडण्यास मदत करणारी कचेरी काढली. पुढे १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला शास्त्रज्ञांची निकड भासली. १९५८ च्या कायद्याने माध्यमिक शाळांतील हुशार मुले हेरण्यासाठी मार्गदर्शकांना पैसा मिळाला. प्राथमिक शाळांना ही मदत १९६४ च्या दुरुस्तीने मिळाली. राष्ट्राची गरज आधी दिसली, लहान मुलाची नंतर.

हा माणूस करतो काय? समजा, तिसरीतली एक मुलगी वर्गात पेंगते. गुरुजी म्हणतात आळशी, बाप म्हणतो ढ. समुपदेशक तिच्याशी बोलतो, तिच्याकडून चित्र काढवतो, तिला खेळू देतो. कारण आठ वर्षांच्या मुलाला आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही. मग कळते की आईची पहिली पाळी असते, आणि पहाटे उठून पाणी भरणे व धाकट्याला सांभाळणे हिच्याकडे आहे. आता तो आईबापांशी बोलतो, गुरुजींना कारण सांगतो. दृष्टी अधू असेल, बोलण्यात अडथळा असेल, तर योग्य डॉक्टरकडे पाठवतो. सगळ्या वर्गाला भांडण मिटवायला, राग आवरायला शिकवणे हेही त्याचेच काम.

कोणी विचारील, हे गुरुजींनी का करू नये? चांगले गुरुजी करतातच. पण त्यांच्या हाती गुण आहेत, शिक्षा आहे. ज्याच्या हाती हजेरीपट, त्याच्यापाशी मन मोकळे होत नाही. मुकादमाविरुद्धची तक्रार कामगार मुकादमालाच सांगत नाही, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच समुपदेशकाकडे शिस्तीचा दंडुका देऊ नये. त्याने मुलाचे गुपित राखावे. मात्र मुलावर अत्याचार होत असेल तर गप्प बसणे गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.

कारखान्याला ही गरज केव्हाच पटली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला; २०२० च्या संहितेने ती मर्यादा २५० वर आणली. योगायोग असा की, अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आपल्याकडे विचार नाही असे नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितले की मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून सुरू व्हावे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही समुपदेशकांचा उल्लेख आहे. पण बापाला कारखान्यात जो हक्क कायद्याने मिळाला, तो मुलाला शाळेत बराच काळ शिफारशीतच मिळत राहिला. फी भरू शकणाऱ्यांच्या काही शाळांनी ही सोय स्वतः केली; ज्यांच्या घरी ऐकायला कोणाला सवड नाही, त्यांची मुले तशीच राहिली.

प्रत्येक लहान शाळेला पूर्णवेळ माणूस आज मिळणार नाही, हे मलाही कळते. पण जवळच्या आठ-दहा शाळांना मिळून एक शिकलेला माणूस आणि त्याने ठरल्या वारी यावे, एवढे मागता येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. त्या सभेला जा. आराखड्यात ही मागणी लिहून घ्या आणि खाली सह्या करा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. लेखी मागणीला उत्तर द्यावे लागते.