विश्लेषण : एकच फोटो बोलू कसा लागतो? बनावट व्हिडिओ ओळखायचा कसा?

अल्बममधला आजोबांचा जुना फोटो नातवाला शुभेच्छा देतो. नेत्याचे छायाचित्र त्याने कधीच न केलेले भाषण करते. अशा व्हिडिओसाठी आता एक फोटो आणि एक ध्वनिफीत पुरते. हे घडते कसे?

ओठ कसे हलतात?

प्रणाली आवाजाचे बारीक तुकडे करते. कोणत्या ध्वनीला तोंड कसे दिसते, हे ती माणसांच्या असंख्य व्हिडिओंवरून शिकलेली असते. ‘आ’ला जबडा उघडतो, ‘ऊ’ला ओठ गोल होतात, ‘प’ला मिटतात. त्यानुसार प्रत्येक फ्रेममध्ये तोंड नव्याने रेखाटले जाते. मूळ फोटोत तोंड मिटलेले असेल, तर आतले दात निव्वळ अंदाजाने भरले जातात. आवाज मात्र वेगळा लागतो. तो खरा, नकलाकाराचा किंवा ‘एआय’ने बनवलेला असू शकतो.

तंत्र किती पुढे गेले?

हैदराबादच्या ‘ट्रिपल आयटी’तील संशोधकांनी २०२० मध्ये ‘वेव्हटूलिप’ हे मॉडेल मांडले. ओठ आणि आवाज जुळतात का, हे तपासणारा ‘परीक्षक’ त्यात आधीच तयार करून ठेवला होता. पण चेहरा अवघ्या ९६ बाय ९६ पिक्सेलमध्ये हाताळला जात असल्याने तोंड पुसट दिसे. २०२३ मधील ‘सॅडटॉकर’ने मान आणि पापण्याही हलवल्या. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४ मध्ये ‘वासा-१’ दाखवले; मात्र गैरवापराच्या धोक्यामुळे ते सर्वांसाठी खुले केले नाही.

खोटेपणा कुठे उघडा पडतो?

प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. व्हिडिओ संथ गतीने पाहा. ‘बाबा’, ‘मामा’ म्हणताना ओठ उघडेच राहिले, तर शंका घ्या. दातांचा आकार बदलतो का, मान वळताना चष्म्याची काडी वितळल्यासारखी दिसते का, हेही पाहा. पण अशी खूण सापडली नाही म्हणून व्हिडिओ खरा ठरत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरून अंधुक झालेल्या व्हिडिओत या खुणा पुसल्या जातात.

मग खात्री कशी करायची?

ओळखीच्या चेहऱ्याने व्हिडिओतून पैसे किंवा ओटीपी मागितला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. व्हिडिओसोबत आलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच, तर तातडीने १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी ती रोखण्याची संधी तेव्हाच असते.