रमाबाईंची अमेरिका, व्हाया कल्याण

सकाळची बदलापूर फास्ट. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी लॉटरी! चिखलोलीचे नवे टॉवर खिडकीतून मागे पडतात, अंबरनाथला आणखी एक लोंढा आत घुसतो आणि कुणाच्या तरी हेडफोनवर न्यू जर्सीच्या क्लायंटचा कॉल चालूच असतो. अमेरिका आपल्या एवढी अंगवळणी पडलीय. क्लायंट तिकडचा, शिफ्ट तिकडची, रात्री जेवताना लावायची सिरीजही तिकडचीच.

पण तिथल्या बायका कशा जगतात, हे नीट अभ्यास करून मराठीत कुणी आणि कधी लिहिलं? अंदाज करा. २००० नंतर? स्वातंत्र्यानंतर? चूक. १८८९! आणि लिहिणारी बाई होती, पंडिता रमाबाई.

ही गोष्ट आपल्याच लाइनवरून सुरू होते. कल्याणच्या घरातली एक मुलगी, यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी जोशी झाली. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव पोस्टात. त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र पाठवलं आणि ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते कुठे वाचावं? डेंटिस्टकडे नंबर येईपर्यंत बसल्या असताना! वेटिंग रूममधली जुनी मासिकं अशीही कामाला येतात. १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी, नवऱ्याला सोबत न घेता, कलकत्त्याहून बोटीने निघाली ती याच कार्पेंटरबाईंकडे उतरली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ती डॉक्टर झाली. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेली. वय पुरतं बावीसही नाही.

त्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम एक पाहुणी आली होती. रमाबाई. वय अठ्ठावीसच्या आसपास, विधवा, संस्कृतची पंडित, इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेली, सोबत लहानगी मनोरमा. समारंभ आटोपून परतायचं, असा साधा बेत. राहिल्या जवळजवळ तीन वर्षं!

या तीन वर्षांतून दोन पुस्तकं निघाली, आणि खरी गंमत तिथेच आहे. पहिलं इंग्रजीत, १८८७ चं 'द हाय कास्ट हिंदू वुमन'. आमच्याकडे बायकांचं काय चालतं, हे अमेरिकनांना सांगणारं. ते गाजलं, व्याख्यानं झाली, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल झालं. दुसरं मराठीत, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. तुमच्याकडे बायकांचं काय चालतं, हे आपल्या माणसांना सांगणारं. पहिल्या पुस्तकाने फंड आणला. दुसऱ्याचं काय झालं, ते पुढे येतंच.

हे काही 'अमेरिकेत मी काय पाहिलं' छाप प्रवासवर्णन नव्हे. राज्यव्यवस्था, घरं, शाळा, धर्म, धर्मादाय संस्था, व्यापार... सगळ्याचा पद्धतशीर हिशेब. आणि त्यात बायकांच्या स्थितीवर एक भलंमोठं प्रकरण. मुलींना कॉलेजचे दरवाजे कसे उघडावे लागले, डॉक्टर व्हायला निघालेल्या बायकांना किती विरोध झाला, दारूबंदीसाठी बायकांनी देशभर संघटना कशी बांधली, हे सगळं रमाबाई मन लावून सांगतात. त्यांना विशेष कौतुक आहे ते बायकांच्या एकत्र येण्याचं. मीटिंग, ठराव, वर्गणी, हिशेब... बायका संस्था चालवतात, हेच त्या काळात इथल्या वाचकाला नवल होतं.

पण बाई भारावून गेल्या नाहीत हं! त्याच कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी पगार, हे त्यांनी तेव्हाच टिपलं. (अप्रेझलच्या दिवसांत हे वाचू नये, त्रास होतो.) कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटवर टीका केली, टोपीत खोवायच्या पिसांसाठी पक्षी मारतात म्हणून झापलं. मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना कसं वागवतात, हेही लपवलं नाही. आणि मत? वायोमिंगने बायकांना १८६९ मध्येच दिलं होतं, पण देशभर तो हक्क यायला १९२० उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यात, मालमत्तेच्या वगैरे अटी घालून का होईना, १९२१! एवढाच फरक.

माझी एक तक्रार आहे. ज्यांच्या मदतीवर पुढचं काम उभं राहणार, त्यांच्याबद्दल रमाबाईंचा हात जरा सैल सुटतो. मिशनरी बायका त्यांच्या लेखणीत कधीकधी फारच गोड होतात. पण एकटी बाई, पदरात मूल, डोक्यात विधवांच्या शाळेचा प्लॅन... समजून घेता येतं. ती शाळा, शारदा सदन, मुंबईत उघडली ११ मार्च १८८९ ला. आनंदीच्या पदवीला बरोब्बर तीन वर्षं होत होती.

आणि मराठी पुस्तक? धर्म बदललेल्या बाईचं पुस्तक आपण सोयीस्कर विसरलो. त्याची दुसरी आवृत्ती थेट १९९६ मध्ये, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढली. एकशे सात वर्षांनी! मग २००३ मध्ये अमेरिकेतच त्याची दोन इंग्रजी भाषांतरं आली. त्यातलं एक मीरा कोसंबींचं. गणिती दामोदर कोसंबींची ही मुलगी, समाजशास्त्रज्ञ. एसएनडीटीच्या स्त्री-अभ्यास केंद्रातही त्यांनी काम केलं. अमेरिकन बायकांचा इतिहास शिकणाऱ्यांना त्यामुळे एक मराठी साक्षीदार मिळाली. आनंदीबाईंच्या पत्रांवरही त्यांनी काम केलं होतं. २०१५ मध्ये त्या गेल्या, ते पुस्तक नंतर सहकाऱ्यांनी पूर्ण करून छापलं.

वाचायचं असेल तर मराठीच घ्या. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जड जातात. खुशाल बोटीचा प्रवास गाळा आणि सरळ बायकांच्या प्रकरणावर या. बदलापूरहून रोज ये-जा असेल तर आठवड्यात संपतं. फक्त सीट मिळायला हवी.