बिऱ्हाड हलविताना संगणकातील पत्रांची काळजी

स्थलांतर करताना बरोबर काय न्यावे, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. पूर्वी पत्रे ट्रंकेत मावत. आता ती संगणकात असतात, आणि डोळ्यांस दिसत नाहीत म्हणून मागे राहतात.

दुबईतील शारजाच्या सीमेलगतच्या अल कुसैस वस्तीचेच उदाहरण घेऊ. येथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. वास्तव्याचा परवाना बहुधा नोकरीशी निगडित असल्याने नोकरी संपताच अल्पावधीत बिऱ्हाड आवरावे लागते. सामानाबरोबर संगणकही विकला जातो, आणि त्यासोबत भाडेकराराची 'इजारी' नोंद, मुलांचे शाळेचे दाखले व आप्तांची वर्षानुवर्षांची पत्रे जाण्याचा संभव असतो.

पत्रे सेवादात्याकडे सुरक्षित आहेत, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्र सेवादात्याकडे राहते. परंतु एका यंत्रावर पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जाते. 'पॉप' पद्धतीत उतरवून घेतलेले पत्र पुष्कळदा केवळ आपल्याच संगणकात उरते. 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलविलेल्या पत्रांचीही तीच गत.

'थंडरबर्ड' हा विनामूल्य पत्र-कार्यक्रम वापरणाऱ्यांस उपाय सुलभ आहे. पत्रे, पत्ते व खात्यांची मांडणी 'प्रोफाइल' नामक एकाच फोल्डरात असते. 'हेल्प'मधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' येथून तो उघडता येतो. त्यानंतर कार्यक्रम पूर्णपणे बंद करावा व मगच संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. चालू कार्यक्रमाची प्रत सदोष निघू शकते. 'टूल्स'मधील 'एक्स्पोर्ट'नेही प्रत निघते. मात्र साठा २ जीबीहून अधिक असल्यास फोल्डरच उतरविणे इष्ट. या फोल्डरात साठविलेले पासवर्डही असतात. म्हणून ती डिस्क परक्याच्या हाती देऊ नये.

नव्या संगणकावर कार्यक्रमाची तीच अथवा अधिक नवी आवृत्ती बसवावी. जुनी आवृत्ती नवे प्रोफाइल स्वीकारीत नाही. 'एक्स्पोर्ट'ने काढलेली प्रत 'टूल्स'मधील 'इम्पोर्ट'ने परत घ्यावी. नंतर सर्वांत जुने एक पत्र, त्याच्या जोडपत्रासह, उघडून पाहावे. ही परीक्षा जुना संगणक हाती असतानाच करावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

एक प्रत दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातींत १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस झाला व दुबई-शारजाच्या सखल भागांत पाणी साचून राहिले. संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच भिजतात.

विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक घरांतून जुने संगणक बाहेर पडत आहेत. ज्या वाचकांचे आप्त आखातात आहेत, त्यांनी पुढील पत्रात त्यांना एवढेच विचारावे: प्रत काढली का, आणि ती उघडून पाहिली का?