पाईनचा वास आणि गाडीचा धूर

हवेच्या प्रदूषणाची चर्चा रंगात आली की कुणीतरी हमखास एक वाक्य फेकतं: ‘अहो, गाड्यांपेक्षा झाडंच जास्त प्रदूषण करतात. शास्त्रज्ञांनीच मोजलंय.’ हे वाक्य नवं नाही. 1980च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेतल्या प्रदूषणाचा मोठा वाटा झाडाझुडपांच्या माथी मारला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटच्या विद्यार्थ्यांनी एका झाडाला पाटी लावली होती की, मी आणखी कुणाचा जीव घेण्याआधी मला तोडून टाका. थट्टा गाजली, पण दावा काही मेला नाही. तो इतका चिवट आहे याचं कारण असं की त्यातला आकडा खरा आहे आणि निष्कर्ष खोटा. आकडा नाकारून हा गैरसमज दूर होणार नाही. तो आकडा येतो कुठून आणि सांगतो काय, हेच नीट पाहावं लागेल.

झाडं हवेत बाष्पनशील सेंद्रिय संयुगं सोडतात, यात वाद नाही. ॲलेक्स ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार जगभरातल्या वनस्पती वर्षाला सुमारे 100 कोटी टन अशी संयुगं सोडतात, त्यातलं जवळपास निम्मं एकटं आयसोप्रीन. माणसाच्या कारखान्यांतून, गाड्यांतून आणि रंग-द्रावकांतून निघणारी संयुगं याहून कितीतरी पटींनी कमी भरतात. इथवर दावेदार बरोबर आहेत. पण ‘मोजलंय’ हा शब्द इथे बसत नाही. पृथ्वीभरच्या झाडांना कुणी तराजूत घातलेलं नाही. काही झाडांवर घेतलेली मापं, तापमान, ऊन आणि पानांचं प्रमाण यांची गणितं मांडून काढलेला तो अंदाज आहे. शिवाय आयसोप्रीन आणि टर्पीन गटातल्या उत्सर्जनाचा सुमारे 80 टक्के वाटा हे प्रतिमान उष्णकटिबंधातल्या झाडांना देतं. फिनलंड, रशिया, कॅनडा असा पसरलेला उत्तरेचा वनपट्टा जगातल्या जंगलाच्या चौथ्या हिश्शाहून थोडा मोठा असला, तरी त्याच्या वाट्याला फार थोडं येतं. तिथल्या पाईन-स्प्रूसमधून मुख्यतः मोनोटर्पीन निघतात, म्हणजे टर्पेंटाइनला वास देणारी अल्फा-पायनिनसारखी संयुगं.

ही मापं घ्यायची कशी? सर्वांत सरळ वाटणारा मार्ग म्हणजे जिवंत फांदीभोवती पारदर्शक टेफ्लॉनची पिशवी किंवा पेटी बसवायची, आतून ठरावीक वेगाने हवा खेळवायची आणि बाहेर पडणाऱ्या हवेत काय वाढलं ते पाहायचं. अडचण अशी की नुसता हात लागला, एखादी सुई दुखावली, तरी साठलेली राळ उघडी पडते आणि उत्सर्जन उसळतं. ते निवेपर्यंत थांबावं लागतं. बंद पेटीत ऊन तापतं, आणि उत्सर्जन तापमानाबरोबर घातांकी वाढतं. रूढ सूत्रानुसार दहा अंश सेल्सिअस वाढ म्हणजे जवळपास अडीच पट उत्सर्जन. तुलना करता यावी म्हणून आकडे 30 अंशांना मोजल्यासारखे बदलून छापतात. फिनलंडच्या जंगलात 30 अंश हे उन्हाळ्यातल्या मोजक्या दिवसांचं तापमान आहे. तो प्रमाणित आकडा उचलून कुणी वर्षाच्या तासांनी गुणला, तर उत्तर हास्यास्पदच येणार.

झाडंही एका साच्यातली नसतात. फिनलंडमधल्या ह्युतियाला इथे एकाच पाईनवनात शेजारशेजारची झाडं वेगवेगळी संयुगं सोडताना आढळली. एकाच्या उत्सर्जनात अल्फा-पायनिन जास्त, तर शेजाऱ्याच्यात कॅरीन. वसंतात फुटणारी कोवळी पालवी तेवढ्याच वजनाच्या जुन्या सुयांपेक्षा कितीतरी जास्त सोडते. हे सगळं जुन्या राळेतून झिरपतं, ही समजूतही अपुरी निघाली. जर्मन आणि फिनिश संशोधकांनी 2010 मध्ये कार्बनच्या जड समस्थानिकाची खूण असलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना दिला. तेव्हा स्कॉट्स पाईनच्या मोनोटर्पीनपैकी सुमारे 58 टक्के ताज्या प्रकाशसंश्लेषणातून, तिथल्या तिथे घडलेले निघाले. म्हणजे उत्सर्जन तापमानावर आणि उन्हावर, दोहोंवर चालतं. एक फांदी पाहून अख्ख्या वनाचा हिशेब मांडणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

म्हणून दुसरा मार्ग जंगलाच्या डोक्यावरून मोजण्याचा. ह्युतियालाच्या केंद्रात 1990च्या दशकाच्या मध्यापासून मोजमापं अखंड चालू आहेत. 1962 मध्ये पेरलेल्या पाईनच्या वर तिथे सव्वाशे मीटरचा मनोरा उभा आहे. हवेचे भोवरे वर काय नेतात आणि खाली काय आणतात हे सेकंदाच्या अंशांत टिपलं की झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा प्रवाह हाती येतो. त्यासाठी लागणारा वेगवान मास स्पेक्ट्रोमीटर रेणूला एक प्रोटॉन चिकटवून त्याचं वस्तुमान वाचतो. पण सगळ्या मोनोटर्पीनचं रेणूवजन एकच, 136. त्यामुळे कोणता कुठला, हे या यंत्राला कळत नाही. वेगळे करायचे तर नळीत नमुना शोषून घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफकडे न्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो. कॅरिओफिलीनसारखे सेस्क्विटर्पीन ओझोनशी एवढ्या चटकन भिडतात की काही मिनिटांत, शेंड्यांपर्यंत पोचण्याआधीच, बरेचसे संपलेले असतात. आणखी एक गंमत अशी की ह्युतियालापासून काही किलोमीटरवर कोर्केआकोस्कीला लाकडाची गिरणी आहे. वारा तिकडून आला की मनोऱ्यावर मोनोटर्पीनच्या उंच उसळ्या दिसतात. तिथला ‘जंगलाचा’ वास कधीकधी करवतीच्या भुशाचा असतो. वाऱ्याची दिशा न पाहता आकडा उचलला, तर कारखान्याचं उत्सर्जन झाडांच्या खात्यावर जमा होतं.

यावर आक्षेप येतो की, मापं एवढी डळमळीत असतील तर ती मानायचीच कशाला? कारण वेगवेगळ्या पद्धती एकमेकींना तपासतात आणि चूक कुठल्या बाजूला झुकते तेही दाखवतात. पुढे मोहालीच्या आयसरमध्ये गेलेले विनायक सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008च्या ऑगस्टमध्ये ह्युतियालाच्या हवेची, अशा संयुगांना तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकाशी होणारी एकूण अभिक्रियाशीलता मोजली. ओळखलेल्या सगळ्या संयुगांची बेरीज तिच्या जेमतेम निम्मी भरली. पाकिटातून किती पैसे गेले ते पक्कं कळलं, पावत्या मात्र निम्म्याच सापडल्या. म्हणजे जंगल कदाचित आपण मोजतो त्याहून जास्तच सोडत असेल. दावेदारांनी हवं तर टाळ्या वाजवाव्यात, पण त्यानेही त्यांचा निष्कर्ष सिद्ध होत नाही.

कारण टनांचा आकडा म्हणजे प्रदूषण नव्हे. जमिनीलगत ओझोनचं धुरकं तयार व्हायला सेंद्रिय संयुगं, ऊन आणि नायट्रोजन ऑक्साइड ही तिन्ही लागतात. तिसरा घटक शहरात प्रामुख्याने इंजिनांतून आणि भट्ट्यांतून येतो. उत्तरेच्या दूरच्या जंगलात तो इतका विरळ असतो की पाईनने कितीही दरवळावं, शहरी धुरकं तिथे तयार होत नाही. ‘मग अटलांटाचं काय?’ असं जाणकार विचारतील. 1988 मध्ये विल्यम चामीडिस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की झाडांनी वेढलेल्या अटलांटात झाडांची संयुगं धुरक्यात खरोखर भर घालतात. पण त्यातून निघणारा धडा काय? झाडं मुबलक संयुगं पुरवतातच, तेव्हा गाड्यांचे नुसते हायड्रोकार्बन कमी करून भागणार नाही, नायट्रोजन ऑक्साइडला आवर घालायला हवा. म्हणजे ज्या पुराव्याच्या जोरावर गाड्यांना निर्दोष सोडायचं, तोच पुरावा गाड्यांकडे बोट दाखवतो.

उरला कणांचा प्रश्न. वनस्पतींच्या बाष्पातून निळसर धुकट तयार होतं हे फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्येच मांडलं होतं. 2014 मध्ये ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात मिकाएल एन आणि सहकाऱ्यांनी अल्फा-पायनिनसारख्या बाष्पांचं ऑक्सिडीकरण होऊन बाष्पनशीलता जवळपास गमावलेले, कणांवर जमणारे रेणू कसे बनतात ते दाखवलं. हे कण सूर्यप्रकाश परतवतात, ढगांच्या थेंबांना बीज पुरवतात. ते हवेत असतात हे खरं. पण वातावरणाच्या जुन्या घडणीतल्या या घटकाला डिझेलच्या काजळीच्या रांगेत बसवणं हा अडाणीपणा झाला.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, ते एकेका ओळीत उरकू.

‘पाईनच्या वनात ओझोन भरपूर, म्हणून तिथली हवा आरोग्यदायी.’ उलट, टर्पीन ओझोनला खाऊन टाकतात, आणि ओझोन फुप्फुसांना अपायकारकच असतो.

‘वास जास्त तिथे उत्सर्जन जास्त.’ आयसोप्रीनचा वास नाकाला जेमतेमच कळतो, तरी जगातलं सर्वाधिक उत्सर्जन त्याचंच.

‘सोडतात ती फक्त पानं.’ जमीन, पालापाचोळा आणि मुळंही सोडतात. ह्युतियालात बर्फाच्या थरातही ही संयुगं सापडली आहेत.

‘मग झाडं तोडली की हवा स्वच्छ.’ ताज्या तोडलेल्या पाईनच्या खोडक्यांवर फिनलंडमध्ये मापं घेतली गेली आहेत. तोडीनंतर उघड्या पडलेल्या राळेतून मोनोटर्पीन भसाभस बाहेर पडतात, आणि कुऱ्हाड चालते तेव्हा जंगलाचं उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढतं.