अंगणातला ट्रक



गळीत हंगामात उसाच्या मोळ्या वाहून थकलेला जुना ट्रक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मी तसाच एक घेतला, टाटाचा १२१०. (जमशेदपूरला १९५४ पासून हे ट्रक मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने निघत. १९६९ साली करार संपला आणि नाकावरचा तारा जाऊन 'टी' आला.)

जागा म्हणाल तर गोठा आणि घर यांच्या मधली. ट्रक उभा केला तर बैलांना वळता येईना. अनुभव शून्य, पण हौस दांडगी! आठवड्यात सगळं खोललं. नटबोल्ट एकाच डब्यात, कुठला पाईप कुठला ते कळेना.

त्यात पाऊस झाला. मागचं चाक काढलेलं, जॅक काळ्या मातीवर. आपली माती भिजली की लोणीच. जॅक कलला नि ॲक्सल धाडकन खाली आला. पुतण्या पाणी प्यायला उठला होता, म्हणून वाचला. मिस्त्री म्हणाले, "जॅक उचलायला असतो, तोलून धरायला न्हाई." तेव्हापासून जॅकखाली फरशी, ॲक्सलखाली बाभळीचे ओंडके, बाकी चाकांना दगड.

मग एका वेळी एकच काम काढलं. आधी ब्रेक. जुन्या लायनरची धूळ फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा. नंतर डिझेलची टाकी, फिल्टर, नळ्या. एअर काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. पंप मात्र घरी खोलू नये, तो लातूरला पंपवाल्याकडंच नेला.

आठ वर्षांपुढच्या मालट्रकला दरवर्षी फिटनेस लागतो, त्यामुळं रंग राहिला. परवा ट्रक स्वतःच्या इंजिनावर बाहेर निघाला. बैल आता सरळ गोठ्यात वळतात.