वयोमान आणि शेतकऱ्याची शिल्लक

तिशीतला व साठीतला असे दोन खातेदार शेजारी बसले म्हणजे कोणाची मालमत्ता अधिक, हा प्रश्न बहुधा एकरांवर सुटतो. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही असंख्य सातबारे पाहिले. परंतु त्यांतील 'इतर हक्क' हा रकाना आवर्जून वाचणारा खातेदार विरळाच. सोसायटीचा वा बँकेचा बोजा तेथे नोंदलेला असतो. तो वजा केल्यावाचून मालमत्ता मोजणे म्हणजे मळणीपूर्वीच रास मोजणे होय. शिवाय जमीन पुढे वारसांत वाटली जावयाची. तेव्हा वयाशी वय ताडून पाहावयाचे तर रोख शिलकीवरून पाहावे.

लवकर आरंभ केल्याचा लाभ २०१९ साली निघालेल्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेच्या कोष्टकात उघड दिसतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याने अठराव्या वर्षी नाव घातल्यास दरमहा ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००, अशी वर्गणी ठरविण्यात आली. साठीनंतरचे निवृत्तिवेतन मात्र सर्वांस सारखेच, दरमहा ३,००० रुपये. पहिल्याचे एकंदर २७,७२० रुपये जातात, शेवटच्याचे ४८,०००. भाववाढीपुढे त्या तीन हजारांत किती बळ उरेल, हा प्रश्न निराळा.

आम्ही स्वतः चाळिशीपर्यंत काहीच बाजूस टाकले नाही. सर्व पैका विहिरीत घातला. विहिरीस पाणी उत्तम लागले. परंतु मुलीच्या लग्नाच्या वेळी हाती रोकड नसल्याने दोन एकर गहाण पडले, आणि पुढे सहा वर्षे तो बोजा आम्ही आपल्याच उताऱ्यावर वाचीत होतो.