वामनवृक्षांचा व्यासंग

छंद दोन प्रकारचे असतात. कांहीं छंद माणसाबरोबरच संपतात. कांहीं मात्र त्याच्या मागें उरतात, व घरांतील दुसऱ्या कोणास तरी ते पुढें चालवावे लागतात. तबकासारख्या उथळ कुंडींत मोठ्या वृक्षाचें लहान रूप वाढविण्याचा जो छंद ‘बॉन्साय’ या जपानी नांवानें आपल्याकडेही रूढ झाला आहे, तो या दुसऱ्या प्रकारांतला होय. मराठींत या झाडास वामनवृक्ष असें सार्थ नांव मिळालें आहे. आमच्या मतें एकत्र कुटुंबास याहून शोभणारा छंद विरळा. तो तसा कां, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘बोन्’ म्हणजे तबक व ‘साय’ म्हणजे लावणी. अर्थात् बॉन्साय म्हणजे तबकांत लाविलेलें झाड. ही कला मूळची चीन देशाची. तेथील तांग राजवंशांतील एका राजपुत्राच्या थडग्यांत इ. स. ७०६ मधील भित्तिचित्रें आहेत. त्यांपैकीं एका चित्रांत सेवकाच्या हातीं खडे व इवलीं झाडें मांडलेलें तबक दिसतें. चीनहून ती जपानांत गेली, आणि इ. स. १३०९ च्या एका प्रसिद्ध जपानी चित्रपटांत कुंडींतलीं झाडें स्पष्ट आढळतात. पुढें जपानी लोकांनीं तिला इतकें आपलेंसें केलें कीं, आज जगभर तिला जपानी नांवानेंच ओळखतात.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. “झाडाच्या फांद्या छाटून त्यास जन्मभर खुजें ठेवणें ही हिंसा नव्हे काय?” असें घरांतील वडील मंडळी विचारतात. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वामनवृक्षास उपाशी ठेवून खुरटवितात. वस्तुतः तसें नाहीं. त्याला पाणी, खत व ऊन हीं पुरेशीं द्यावींच लागतात. शेंडा खुडला कीं खालचे डोळे फुटून झाड दाट होतें. जाड मुळें कापलीं कीं बुंध्याजवळ तंतुमय मुळें येतात आणि थोड्या मातींत त्यांचें भागतें. वरचा विस्तार व खालचीं मुळें यांचा मेळ राखणें एवढेंच यांतलें रहस्य आहे. मंजिऱ्या खुडल्या म्हणजे तुळस दाट होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नाशिककडील द्राक्षबागाईतदार एप्रिल व ऑक्टोबर अशी वर्षांतून दोनदां वेलांची छाटणी करितात, त्यास कोणी क्रौर्य म्हणत नाहीं.

खरें क्रौर्य घडतें तें उपेक्षेनें. जमिनींतल्या झाडाकडे आपण दुर्लक्ष केलें तर तें मुळें खोल नेऊन आपली सोय पाहतें. तबकांतल्या झाडाला चार बोटें मातीपलीकडे जगच नाहीं; वैशाखाच्या उन्हांत दोन दिवस पाणी चुकलें तर वीस वर्षांचें झाड वाळून जातें. एवंच, ज्यानें तें कुंडींत घातलें त्यानें त्याचें पालकत्व पत्करलें. ज्यास हें पेलणार नाहीं त्यानें त्या वाटेस जाऊं नये, एवढा भाग आम्हांसही मान्य आहे.

हें पालकत्व किती दूरवर पोहोंचतें याचें एक उदाहरण आज अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत उभें आहे. तें जपानी श्वेत पाइन जातीचें झाड असून त्याची जोपासना इ. स. १६२५ पासून चालू आहे. हिरोशिमा येथील यामाकी घराण्यानें तें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हां यामाकींची रोपवाटिका स्फोटस्थानापासून सुमारें तीन किलोमीटरांवर होती. कांचा फुटून घरांतील माणसांस जखमा झाल्या. झाड मात्र बागेच्या भिंतीच्या आडोशानें वांचलें. अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें जपानांतून १९७६ सालीं ५३ वामनवृक्ष भेट म्हणून गेले. त्यांत मासारु यामाकी यांनीं आपलें हें झाड दिलें. ज्या राष्ट्रानें बाँब टाकला त्यालाच तें दिलें! पुढें २००१ सालीं त्यांचे दोन नातू आजोबांचें झाड पाहण्यास तेथें गेले, तेव्हां कोठें त्याची ही हकीकत संग्रहालयाच्या लोकांस समजली. सुमारें चारशें वर्षांत एकाही पिढीनें “आम्हांस सवड नाहीं” असें म्हटलें असतें, तर हें झाड आज नसतें.

जपानांतच तोक्योजवळ ओमिया नांवाचें स्थान आहे. १९२३ च्या भूकंपानें तोक्योची दैना झाल्यावर तेथील कांहीं बॉन्साय-व्यावसायिकांनीं चांगली माती व पाणी पाहून १९२५ सालीं ओमियास वसाहत केली. रहिवाशांस नियम असे घातले कीं, प्रत्येक घरीं निदान दहा झाडें असावीं, फाटक सर्वांस उघडें असावें, कुंपण हिरव्या झाडांचें असावें व दुमजली घर कोणी बांधूं नये. एका माणसाच्या हौशीचें रूपांतर साऱ्या घराच्या व गांवाच्या रीतींत कसें होतें, तें यावरून दिसेल.

आपल्या हवेंत जपानी पाइनाच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. आपले वड, पिंपळ व उंबर या कामास उत्तम. डाळिंब, चिंच व बोगनवेल यांचेंही चांगलें साधतें. रोपासाठीं दूर जाण्याचीही गरज नाहीं. पांखरांनीं टाकलेल्या बियांपासून घराच्या भिंतींत, गच्चीच्या कठड्यांत व पन्हळींत वडा-पिंपळाचीं रोपें उगवतात. तीं तशींच राहूं दिलीं तर भिंत फोडतात. उपटावीं तर पिंपळाला हात लावण्यास मन कचरतें. अशा रोपास कुंडींत जागा देणें हा दोन्ही अडचणींतून सुटण्याचा मार्ग आहे. फट भिजवून तें मुळांसकट काढावें, आणि वर्ष दोन वर्षें साध्या कुंडींत वाढवून बुंधा जोमदार होऊं द्यावा.

तबकांत लावण्याचा काळ म्हणजे फाल्गुनांत पालवी फुटूं लागल्यापासून पावसाच्या पहिल्या सरींपर्यंतचा. थंडींत मुळांस हात लावूं नये. सोटमूळ क्रमाक्रमानें आंखडावें. एका वेळीं मुळांचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कापूं नये. चाळलेलें कुजलेलें खत, जाड वाळू व विटांचे वाटाण्याएवढे तुकडे सारख्या प्रमाणांत घ्यावे, आणि बारीक धूळ चाळून टाकावी, म्हणजे पाणी सांचत नाहीं. तबकास तळाशीं भोंकें असावींच. त्यांवर जाळी ठेवून, त्यांतूनच तार ओवून झाड बांधावें, नाहींतर वाऱ्यानें तें हलतें व नवीं मुळें तुटतात. पाणी भोंकांतून वाहूं लागेपर्यंत घालावें, आणि वरची माती सुकूं लागल्यावरच पुन्हां द्यावें.

फांदीस वळण द्यावयाचें तर अॅल्युमिनियमची तार तिरकस गुंडाळून फांदी अलगद वाकवावी. पावसाळ्यांत फांद्या झपाट्यानें जाड होतात. तेव्हां तार सालींत रुतण्यापूर्वींच ती तुकडे करून काढावी. वडाचीं पानें लहान हवीं असल्यास निरोगी झाडाचीं पानें उन्हाळ्यांत देंठ ठेवून कापावीं. नवीं येतात तीं लहान असतात. अशक्त झाडावर मात्र हा प्रयोग करूं नये. फुलें व फळें यांचा आकार घटत नाहीं, म्हणून डाळिंब निवडतांना लहान फळाची जात पाहावी. शेवटचें म्हणजे, हीं झाडें दिवाणखान्याचीं नव्हत. पाहुण्यांसाठीं एखादा दिवस आंत आणावीं व पुन्हां उन्हांत नेऊन ठेवावीं.

घरच्या वडाचा एक उपयोग गृहिणींच्या ध्यानांत आणून द्यावासा वाटतो. ज्येष्ठी पौर्णिमेस पूजेसाठीं वडाच्या फांद्या तोडून बाजारांत विकतात. ज्या वृक्षाची पूजा करावयाची त्याचीच ही तोडमोड. घरीं कुंडींत वड असला म्हणजे व्रतही होतें आणि फांदीही तुटत नाहीं.

आणि तरीही झाडावरील माया माणसावरील मायेहून मोठी होऊं नये. ‘हाचिनोकि’, म्हणजे कुंडींतलें झाड, या नांवाचें एक जुनें जपानी नाटक आहे. वतन गेलेल्या एका दरिद्री योद्ध्याच्या झोपडींत बर्फाच्या रात्रीं एक भिक्षु येतो. घरांत सरपण नाहीं. तेव्हां तो योद्धा जिवापाड जपलेलीं प्लम, चेरी व पाइन हीं आपलीं तीन झाडें तोडून शेकोटी पेटवितो. तो भिक्षु म्हणजे वेषांतर केलेला राज्यकारभारी होजो तोकियोरी असतो, व पुढें तो योद्ध्याचें वतन परत देतो. अतिथिधर्म जाणणाऱ्या आपल्या वाचकांस ही कथा परकी वाटणार नाहीं. तीं झाडें त्याला प्रिय नसतीं तर त्या शेकोटीची किंमत ती काय?

कोणी म्हणतील, साठी उलटल्यावर असें झाड लावून काय पदरीं पडणार? वडास डौलदार रूप येण्यास दहा वर्षें लागतात, शोभा येण्यास त्याहून अधिक. पण म्हणूनच तें एकट्यानें लावूं नये. एक लहानशी वही करावी. तींत माती केव्हां बदलली, तार केव्हां चढविली, केव्हां काढली, हें लिहावें, आणि ती नातवंडांच्या हातांनीं लिहवावी. लग्नकार्यास घर रिकामें होतें तेव्हां पाण्याची पाळी कोणाची, हें आधीं ठरवावें. ज्या घरांत अशी पाळी बिनबोभाट चालते, त्या घराची घडी नीट बसली आहे असें खुशाल समजावें.

या पावसाळ्यापूर्वीं भिंतींतला पिंपळ उपटून टाकण्याआधीं सर्वांच्या देखत एवढेंच विचारावें कीं, याला पाणी कोण घालणार? एक वडील व एक लहान असे दोन हात वर आले, तर तो कुंडींत लावण्यास हरकत नाहीं.